पाळीआधीचा आठवडा : व्यायाम आणि खाण्यात तुम्ही नेमकं काय करता?

गोदाकाठची | ३ फेब्रुवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. एरवी मी रोमात (फक्त वाचत) असते, आज विषयच असा आहे की टंकायला बसले.

वय ३४, राहणार इंदिरानगर, नाशिक, नोकरी एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये. पाळी वेळेवर येते, पोटही फार दुखत नाही. पण त्याआधीचे आठ-दहा दिवस मी माझी नसते. पोट फुगून सलवार कमरेला काचते, छाती इतकी दुखरी होते की लेकीने धावत येऊन मिठी मारली तरी कळ येते. झोप तुटक. डोक्याचं तर विचारूच नका. मागच्या महिन्यात कुकरची शिट्टी होत नाही म्हणून ओट्यापाशी रडत उभी होते. पाळी सुरू झाली की एक-दोन दिवसांत सगळं साफ, आणि मग आपण कुणाकुणाला काय बोललो ते आठवत बसायचं.

डॉक्टरांकडे जाऊन आले. सोनोग्राफी ठीक, थायरॉईड ठीक, हिमोग्लोबिन जरा कमी. "पीएमएस आहे, म्हणजे पाळीआधीचा त्रास, व्यायाम करा, आहार सांभाळा" एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. आता व्यायाम म्हणजे कुठला, किती, त्या दिवसांत करायचा की नाही? आहार सांभाळा म्हणजे काय खाऊ? त्याच आठवड्यात मला चिवडा, फरसाण, चॉकलेट सोडून दुसरं काही दिसत नाही.

घरात सासूबाई, नवरा, दुसरीतली मुलगी. सकाळी तीन डबे. हे लक्षात घेऊन सांगा. फॉरवर्ड नकोत प्लीज, ते फॅमिली ग्रुपवर भरपूर येतात.

पावशेर | ३ फेब्रुवारी, रात्री १०:३०

+१. कुकर सोडून बाकी सगळं माझंच लिहिलंय. वाचनखूण साठवते.

रानवारा | ४ फेब्रुवारी, सकाळी ७:५५

मी कृषीनगरच्या ट्रॅकवरची जुनी भिडू. डॉक्टर नाही, स्वतःपुरतं सांगते.

त्रासाच्या आठवड्यात व्यायामाचा श्रीगणेशा करू नका. तेव्हा अंगात त्राण नसतं, ओढूनताणून दोनदा जाता आणि "काही उपयोग नाही" म्हणून बूट कपाटात. पाळी संपल्यावर जे तरतरीत दिवस येतात तिथे सुरुवात करा, म्हणजे वाईट आठवडा येईपर्यंत पायांना सवय झालेली असते. चालायचं ते बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास धरला तरी जागतिक आरोग्य संघटना म्हणते ती १५० मिनिटं होतात. आमच्या ट्रॅकवर निम्मी जनता सासू-सुनांच्या गाऱ्हाण्याच्या चालीने चालते, तो व्यायाम नव्हे (हलके घ्या).

शिवाय आठवड्यातून दोनदा जोर लागेल असं काहीतरी. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं. जिमची फी भरलीच पाहिजे असं नाही.

पाळीआधी वेग उतरवते, वेळ उतरवत नाही. पांडवलेण्याच्या पायऱ्या मी पाळीनंतरच्या दिवसांत चढते, आधीच्या दिवसांत सपाटीवर चालते.

आणि हे कोणी मोकळेपणाने बोलत नाही म्हणून लिहिते: नीट मापाची स्पोर्ट्स ब्रा घ्या. छाती दुखते म्हणून चालणं सोडलेल्या कित्येक जणी मला भेटल्यात, आणि त्यांचा अर्धा प्रश्न दुकानात सुटण्यासारखा होता.

जुनं_खोड | ४ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

आमच्या मातोश्रींनी सहा पोरं वाढवली, शेती केली, विहिरीवरून पाणी आणलं. त्यांना कधी पीएमएस झाला नाही. हल्ली कामं कमी आणि गूगल जास्त झाल्याचा परिणाम.

आडगावची_आत्या | ४ फेब्रुवारी, दुपारी १:०५

खोडसाहेब, झाला असता तर मातोश्री तुम्हाला येऊन सांगणार होत्या का?

माझ्या सासूबाई द्राक्षबागेत बायांच्या बरोबरीने राबायच्या. महिन्यातले काही दिवस त्यांच्या समोर उभं राहायची कुणाची छाती नव्हती. ताटं आपटायच्या, गड्यांना शिव्या, आम्हा सुनांचा तर उद्धार. आणि मग एका सकाळी बाई बाजूला बसायची आणि तिथूनच गोड आवाजात "पोरी, चहा घेतला का गं?" आम्ही जावा-जावांनी हिशोब बरोबर लावला होता. त्या दिवसांत माहेरी जायची परवानगी मागायची नाही हे पक्कं ठरलेलं.

पावशेर | ४ फेब्रुवारी, दुपारी १:१५

आत्या, दंडवत!

डॉक्टरीणबाई | ४ फेब्रुवारी, रात्री ११:०२

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, नाशिकरोडला प्रॅक्टिस. धाग्यावर कुणाचं निदान करत नाही, सर्वसाधारण सांगते.

आधी खोडसाहेबांसाठी. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फ्रँक यांनी पाळीआधीच्या या तणावाचं वर्णन १९३१ साली वैद्यकीय नियतकालिकात छापलं. ब्रिटनमध्ये रेमंड ग्रीन आणि कॅथरिना डाल्टन यांचा लेख १९५३ चा. तेव्हा गूगल नव्हतं.

गोदाकाठची, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात कामाची ओळ म्हणजे "पाळी सुरू झाली की सगळं साफ". पीएमएसची लक्षणं शेकड्याने मोजता येतील, पण ओळख पटते ती वेळेवरून. बीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचा साधारण पंधरवडा, त्यात कधीतरी त्रास सुरू होतो, पाळी आल्यावर थोड्या दिवसांत जातो आणि त्यानंतरचे काही दिवस तरी बाई पूर्ण ठीक असते. हे ठीक असणं फार महत्त्वाचं. महिनाभर उदास आणि पाळीआधी जास्त उदास, असं असेल तर मूळ दुखणं वेगळं असतं आणि पाळीआधी ते फक्त उसळतं. नैराश्य, मायग्रेन, दमा यांचं असं होतं.

म्हणून औषध, व्यायाम, नागली (नाचणी), सगळ्याच्या आधी एक वही. सलग दोन पाळ्या, रोज रात्री झोपताना. चिडचिड, रडू, फुगणं, छाती, झोप यांना शून्य ते तीन गुण. किती चाललात, काय वेगळं खाल्लंत, ऑफिसात काय झालं, दोन शब्द. महिन्याच्या शेवटी आठवून भरायची नाही, कारण वाईट दिवस मागे वळून बघताना आणखी वाईट दिसतात. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणींचं उत्तर त्या वहीतच सापडतं.

"हार्मोन्स बिघडलेत" हे वाक्य मी रोज ऐकते. पीएमएस असलेल्या आणि नसलेल्या बायकांच्या रक्तातली इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनची पातळी साधारण सारखीच असते. फरक मेंदूच्या प्रतिसादात. प्रोजेस्टेरॉनपासून तयार होणारे काही घटक आणि सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन यांच्या चढउताराला काहींचा मेंदू जास्त हलतो. त्यामुळे हजारो रुपयांचे हार्मोन प्रोफाइल करून पीएमएस सापडत नाही. पाळीच अनियमित असेल तर गोष्ट वेगळी.

व्यायामाबद्दल: अभ्यास बरेचसे लहान आहेत आणि दर्जाही यथातथाच, पण बहुतेकांचा कल एकाच बाजूला आहे, की नियमित व्यायामाने त्रास कमी होतो. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही व्यायाम सुचवलाय. चालणं, पोहणं, सायकल, योगासनं यांतला कुठला एक प्रकार बाकीच्यांना हरवून पुढे गेला असं नाही. जो तुमच्याकडून तीन महिने होईल तो चांगला. रानवारा यांनी लिहिलंय ते मी प्रिंट काढून क्लिनिकमध्ये लावावं असं आहे, सासू-सुनांचं वाक्य वगळून.

आहारातल्या उपायांपैकी त्यातल्या त्यात दम आहे तो कॅल्शियममध्ये. १९९८ साली अमेरिकेत साडेचारशेहून जास्त स्त्रियांवर चाचणी झाली. निम्म्यांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. तिसऱ्या पाळीपर्यंत कॅल्शियमवाल्यांचा त्रास ४८ टक्क्यांनी घटला. खोट्या गोळीवाल्यांचाही ३० टक्क्यांनी घटला! हा दुसरा आकडा लक्षात ठेवा. "मी अमुक काढा घेतला आणि बरं वाटलं" असं कोणी सांगितलं की मला तोच आठवतो.

बी-सिक्स जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा थोडा फायदा दिसलाय, पण मोठा डोस महिनोन्महिने घेतला तर मज्जातंतूंना इजा होते, हातापायांना मुंग्या येतात. दुकानातून आणून मनाने सुरू करायचं औषध नव्हे.

गोदाकाठची | ५ फेब्रुवारी, सकाळी ६:४०

डॉक्टरीणबाई, खूप खूप आभार. वही कालपासूनच सुरू. मग कॅल्शियमची गोळी घेऊ का सरळ?

डॉक्टरीणबाई | ५ फेब्रुवारी, दुपारी ३:१८

आधी ताटात किती जातंय ते बघा. उरलेल्यासाठी गोळी, तीही तुमच्या डॉक्टरांना विचारून. मुतखडा होऊन गेलेला असेल तर आधी तसं नक्की सांगा. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत घ्यायचं, एकदम नाही तर दोनदा विभागून. तुमचं हिमोग्लोबिन कमी आहे म्हणजे लोहाची गोळी चालू असणार. ती आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, एकमेकांच्या आड येतात. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी तर चार तासांचं अंतर ठेवायचं.

ताटाचं गणित इथल्या आहारतज्ज्ञांनी मांडावं. खारीक कुठे आहेत?

खारीक | ५ फेब्रुवारी, रात्री ९:४४

आले. पोरांची परीक्षा चालू आहे, म्हणून उशीर.

आपल्या जिल्ह्यात राहून कॅल्शियमची चिंता करणं म्हणजे कमालच. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकची नागली बाजारात ढिगाने येते. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, ज्वारी-बाजरीत तीसच्या आसपास. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ बाईला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं. दोन मध्यम भाकऱ्यांत तीनशे-साडेतीनशे, पेलाभर दुधात अडीचशेच्या जवळपास, वाटीभर दह्यात दीडशेच्या पुढे. राहिलेलं राजगिऱ्याची किंवा माठाची भाजी, तीळ, खुरासणीची चटणी यांतून. तिळाचे आकडे कागदावर डोळे दिपवणारे असतात, पण त्यातलं सगळं अंगी लागत नाही, त्यामुळे तिळावर विसंबून दूध-दही बंद करू नका. ज्यांना दूध पचत नाही त्यांना दही-ताक बहुतेक वेळा चालतं.

आता चिवड्याकडे वळू. त्या आठवड्यात भूक खरंच वाढते, हा तुमचा लोभीपणा नाही. पण आपल्याकडे काय होतं, सकाळी डब्यांच्या गडबडीत बाई स्वतः चहावर निघते, दुपारी दोन पोळ्या, आणि साडेपाचला घरी आली की चिवड्याचा डबा समोर. तिथे कोणाचाच निग्रह टिकणार नाही. साडेचारलाच ऑफिसात काहीतरी पोटात जाऊ द्या. भाजलेले चणे आणि गूळ, उकडलेलं अंडं, मोडाची उसळ, दहीपोहे. जेवणातला भात-भाकरी-पोळी काढून टाकू नका, पिष्टमय पदार्थ तोडले की चिडचिड आणखी वाढते असं माझ्या समोर बसलेल्या बायका नेहमी सांगतात.

फुगण्यासाठी मीठ कमी करा असं सगळेच सांगतात. पुरावा बारीक आहे, पण करून बघण्यात नुकसान नाही. भाजीतल्या मिठापेक्षा पापड, लोणचं, फरसाण, वेफर्स यांतून जास्त जातं. रविवारची मिसळ बंद करा असं नाशिकमध्ये म्हणण्याइतकी मी शूर नाही. त्या एका रविवारी फरसाण आणि पापड कमी घ्या. पाणी मात्र कमी करू नका, फुगलंय म्हणून पाणी तोडणाऱ्या बायका असतात.

उपवासांबद्दल एक. संकष्टी त्या आठवड्यात आली आणि रात्री नऊ-साडेनऊला चंद्र दिसेपर्यंत चहावर राहिलात, तर डोकं दुखणार आणि घरच्यांचंही दुखवणार. उपवास मोडा असं म्हणत नाही. दुपारी भगर-दही, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची आमटी घ्या. नुसता साबुदाणा नको.

लोह : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. थकवा, धाप, चिडचिड हे सगळं पीएमएसच्या खात्यावर टाकण्याआधी रक्त तपासलेलं बरं. भाजीवर लिंबू पिळा, जेवणानंतर लगेच चहा घेऊ नका.

द्राक्षासव | ५ फेब्रुवारी, रात्री १०:०१

आणि वाईन? आपल्या गावाची शान आहे म्हणून विचारतो.

खारीक | ५ फेब्रुवारी, रात्री १०:२०

द्राक्षं खा. दारू घेणाऱ्या स्त्रियांमध्ये पीएमएसचं प्रमाण जास्त दिसतं असं २०१८ च्या एका मोठ्या आढाव्यात आलंय, आणि झोप तर ती बिघडवतेच.

चहा-कॉफीचा मात्र पीएमएसशी संबंध अमेरिकेतल्या नर्सेसच्या मोठ्या पाहणीत सापडला नाही. सकाळचा चहा सुखाने प्या. संध्याकाळी सातनंतरचा सोडा, तो झोप खातो.

शिफ्टवाली | ६ फेब्रुवारी, पहाटे ४:३५

अंबडला कंपनीत आहे, आता ब्रेकमध्ये वाचतेय. ट्रॅक, दही, साडेचारचा खाऊ, सगळं छान आहे ताई लोकांनो. माझी शिफ्ट दर आठवड्याला बदलते. घरी आले की पाणी यायची वेळ, मग स्वयंपाक, मग पोराची शाळा. संध्याकाळी आमच्या गल्लीतून एकटी चालायला निघाले तर चार टवाळ मागे. अर्धा तास आणायचा कुठून?

डॉक्टरीणबाई | ६ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

तुमचा प्रश्न रास्त आहे. सलग अर्धा तास लागतोच असं नाही. पूर्वी किमान दहा मिनिटं सलग हवीत असं म्हणायचे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ती अट काढली. जिन्याचे चार फेरे, कंपनीची बस येईपर्यंत उभं न राहता येरझाऱ्या, घरात दार लावून सूर्यनमस्कार, सगळं धरायचं. रात्रपाळीच्या आठवड्यात व्यायामापेक्षा झोपेला आधी जागा द्या. खोलीत अंधार, फोन बंद, आणि घरच्यांना सांगून ठेवा की ही तुमची रात्र आहे.

आडगावची_आत्या | ६ फेब्रुवारी, सकाळी १०:५०

घरच्यांना सांगून ठेवा! इथेच तर घोडं पेंड खातं, डॉक्टरीणबाई. "व्यायाम करा" ही चिठ्ठी बाईच्या नावाने लिहिता, ती घरातल्या सगळ्यांच्या नावाने लिहा. ही सकाळी सहाला बाहेर पडली तर कणीक कोण मळणार, पोरीची वेणी कोण घालणार, दूध कोण तापवणार? गोदाकाठचीने पहिल्याच पोस्टमध्ये तीन डबे लिहिलेत आणि अजून एकानेही त्याचं उत्तर दिलेलं नाही.

रानवारा | ६ फेब्रुवारी, सकाळी ११:१२

आत्या, बरोबर पकडलंत. आमच्या ट्रॅकवर सकाळी सहाला बघा, पुरुष सगळ्या वयाचे. बायका एक तर लग्नाआधीच्या, नाही तर सुना आलेल्या. मधल्या वयाच्या, म्हणजे ज्यांना हा त्रास सगळ्यात जास्त, त्या कुठे आहेत? ओट्यापाशी.

सायकलवाला_सिडको | ६ फेब्रुवारी, दुपारी २:४०

नवरा गटातून हजर. आमच्या हिला हा त्रास आहे. मी मोबाईलमध्ये तारखा टाकून ठेवल्या होत्या, म्हणजे आधीच सावध राहता येईल. तिला कळलं तेव्हा जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नेमकं काय करावं आम्ही?

पावशेर | ६ फेब्रुवारी, दुपारी २:५२

एक, भांडणाच्या मध्यात "तुझी तारीख आली का?" हे विचारू नका. कधीच नाही. तारीख आली असली तरी मुद्दा खरा असू शकतो.

आडगावची_आत्या | ६ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

दोन, तारखा तिला विचारून टाका, चोरून नाही. तीन, पोळ्या शिका. गोल नाही आल्या तरी पोटात जाऊन गोलच होतात.

सायकलवाला_सिडको | ६ फेब्रुवारी, दुपारी ३:४१

पोळ्यांचं बघतो. सोमवार ते शुक्रवार सकाळी मी सायकल घेऊन गंगापूर धरणाकडे जातो. म्हणजे दोन दिवस माझे आणि तीन तिचे असं करायला पाहिजे. टंकताना लक्षात येतंय की इतकी वर्षं पाचही माझेच होते.

वनौषधी_प्रेमी | ७ फेब्रुवारी, सकाळी ८:२५

युरोपात पीएमएसवर जे व्हायटेक्स देतात ती म्हणजे आपली निर्गुंडी. बांधावर फुकट उगवते. पाला उकळून काढा घ्या, गोळ्या कशाला?

डॉक्टरीणबाई | ७ फेब्रुवारी, दुपारी १:३०

थांबा, थांबा. तिकडची व्हायटेक्स अॅग्नस-कास्टस, तिची फळं वापरतात. आपली निर्गुंडी व्हायटेक्स निगुंडो. एकाच कुळातल्या दोन वेगळ्या वनस्पती. एकीवरचे निष्कर्ष दुसरीला लावता येत नाहीत, आणि फळाचे पानाला तर नाहीच. तिकडची सुद्धा गर्भनिरोधक गोळ्या किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असताना मनाने घ्यायची नाही. निर्गुंडी घ्यायचीच असेल तर शिकलेल्या वैद्यांना विचारा.

विपूमध्ये (विचारपुशीच्या निरोपांत) तिघींनी "सीड सायकलिंग" विचारलंय. पहिल्या पंधरवड्यात जवस-भोपळ्याच्या बिया, दुसऱ्यात तीळ-सूर्यफूल. बिया पौष्टिक आहेत, खा. त्या पंधरवड्यांची अदलाबदल झाली तर काही बिघडत नाही, कारण त्या वेळापत्रकामागे भक्कम पुरावा नाही.

शेवंती४४ | ७ फेब्रुवारी, दुपारी ४:००

माझं वय ४४. आधी काही नव्हतं, गेल्या वर्षापासून सुरू झालंय आणि पाळीही मागेपुढे होते. हेच का?

डॉक्टरीणबाई | ७ फेब्रुवारी, रात्री ९:१५

रजोनिवृत्तीकडे जातानाच्या वर्षांत हा त्रास वाढू शकतो. पण पाळी मागेपुढे होतेय म्हणून एकदा दाखवून घ्या. धाग्यावर थांबू नका.

आजची_अनामिका | ८ फेब्रुवारी, रात्री १:२०

नवीन आयडी काढून लिहितेय. मी रोज चालते, सगळं नीट खाते, वजनही बरोबर आहे. तरी त्या पाच-सहा दिवसांत वाटतं की आपण नसलेलंच बरं. पाळी आली की मलाच खरं वाटत नाही की मी असा विचार केला. नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो योगा लाव. सगळे व्यायामाने बऱ्या होतात, मीच का नाही?

डॉक्टरीणबाई | ८ फेब्रुवारी, सकाळी ६:०५

आताच वाचलं. लिहिलंत ते फार बरं केलंत.

तुम्ही कमी पडलेल्या नाही. काही जणींमध्ये हा त्रास पीएमएसच्या पलीकडचा असतो, त्याला पीएमडीडी म्हणतात. मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात २०१३ पासून त्याला स्वतंत्र स्थान आहे. तो फक्त चालण्याने आणि नागलीने जात नाही आणि जावा अशी अपेक्षाही कोणी ठेवू नये. सेरोटोनिनवर काम करणारी औषधं त्यात चांगली लागू पडतात. काहींना तर ती फक्त पाळीआधीच्या पंधरवड्यापुरती देता येतात. काही प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांचाही उपयोग होतो. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ, जे आधी भेटतील त्यांना याच आठवड्यात भेटा, आणि "नसलेलंच बरं" हे वाक्य त्यांच्यासमोर जसंच्या तसं म्हणा, गुळगुळीत करू नका. दोन महिने वही भरत थांबू नका, ती नंतर भरता येईल.

तसा विचार पुन्हा आला तर रात्री कितीही वाजता १४४१६ ला फोन लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. घरातल्या एका माणसाला जवळ बसवा. विपू केली आहे, उत्तर द्या.

आडगावची_आत्या | ८ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

पोरी, मीही विपू केलीय. आडगाव लांब नाही. कधीही ये.

आजची_अनामिका | १० फेब्रुवारी, रात्री ८:४५

दोघींना उत्तर दिलंय. बुधवारची अपॉइंटमेंट घेतली. बहीण सोबत येणार आहे.

जुनं_खोड | १० फेब्रुवारी, रात्री ९:३०

सगळा धागा वाचला. मोठ्या बहिणीला फोन केला होता. ती म्हणाली, आई त्या दिवसांत गोठ्यात जाऊन बसायची, तू लहान होतास. बाकी चालू द्या.

गोदाकाठची | १९ एप्रिल, रात्री १०:३५

धागा वर काढतेय, अपडेट द्यायचं राहिलं होतं.

वही भरली. गंमत म्हणजे फुगणं आणि छाती अगदी घड्याळ लावल्यासारखी पाळीच्या आधी, पण तुटक झोप मात्र पाळीशी जुळेना. ती महिनाअखेरीशी जुळली, म्हणजे ऑफिसातल्या क्लोजिंगशी. दोन्ही एका आठवड्यात आली की कुकर प्रकरण होतं. मार्चअखेर तर विचारूच नका. डॉक्टरांना वही दाखवली, तर त्यांनी यावेळी बराच वेळ दिला. लोहाची गोळी चालू आहे, कॅल्शियम सध्या ताटातूनच.

डब्यांचं सांगते. नवऱ्याला हा धागा वाचायला दिला. त्याने पोळ्या नाही, पण भाज्या रात्री चिरून ठेवणं आणि सकाळी मुलीचं आवरणं घेतलंय. पोळ्या सासूबाई करतात, कुरकुरत. त्यांचं म्हणणं, चालायचंच आहे तर मंडईत चालत जा की, भाजीही येईल. तर आठवड्यातले तीन-चार दिवस मी ट्रॅकवर असते. छातीचं दुखणं तसंच आहे, नव्या ब्रामुळे चालता येतं एवढंच. चिडचिडीचे गुण मात्र तीनवरून एक-दोनवर आलेत. ते चालण्याने, खाण्याने की एप्रिलमध्ये क्लोजिंग हलकं असतं म्हणून, देव जाणे. त्या खोट्या गोळीचे ३० टक्के माझ्याही डोक्यात बसलेत.

एक अडचण. नागलीची भाकरी थापताना फाटते. सासूबाई म्हणतात पीठ जुनं आहे.

खारीक | २० एप्रिल, सकाळी ९:०५

पीठ जुनं असेलही, पण नागलीला चिकटपणा नसतोच. पाणी उकळून त्यात पीठ टाका, झाकण ठेवून वाफ येऊ द्या, मग गरम असतानाच हात ओला करून मळा. दळण थोडंथोडंच आणा. उन्हाळ्यात सकाळी आंबील करून बघा, थापायची भानगडच नाही.

शिफ्टवाली | २० एप्रिल, दुपारी ३:५०

आंबिलीला +१. मी बाटलीत भरून कंपनीत नेते. जिन्याचे फेरे चालू आहेत, आता लाइनवरच्या आणखी दोघी येतात. सुपरवायझर विचारतो, खाली काही पडलंय का?

पावशेर | २० एप्रिल, रात्री ९:१२

गोदाकाठची, इंदिरानगरच्या ट्रॅकवर किती वाजता असता? मी राजीवनगरला राहते. एकटीने जायचा कंटाळा येतो.

गोदाकाठची | २० एप्रिल, रात्री ९:४०

पावणेसहा, पाण्याच्या टाकीकडच्या गेटपाशी. उन्हामुळे त्यापेक्षा उशीर नको. या की उद्यापासून.

रानवारा | २० एप्रिल, रात्री ९:५१

दोघींनी लक्षात ठेवा, बोलता यायला हवं, गाणं नाही. आणि सासूबाईंचा विषय परतीच्या फेरीला घ्या, वेग पडतो.